अर्ज लिहिता लिहिता

आमच्या वस्तीतील तरुण मुले-मुली हल्ली एक नवा प्रश्न विचारू लागली आहेत. पूर्वी ती विचारायची, बँकेची परीक्षा कशी द्यायची, कारखान्यात भरती केव्हा आहे. ते प्रश्न संपलेले नाहीत. पण त्यांच्या जोडीला आता हा आला आहे : "काका, आम्हाला लिहायचंय. सिनेमासाठी लिहायचंय. सुरुवात कुठून करायची?"

हा प्रश्न ऐकून घरातली वडीलधारी माणसे एक तर हसतात, नाही तर चिडतात. आम्ही हसत नाही. कष्टकऱ्याच्या घरातली गोष्ट पडद्यावर कोणी सांगायची, हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. वर्षानुवर्षे आपला माणूस पडद्यावर आला तो बहुधा कोपऱ्यात उभा राहणारा, हात जोडणारा, मार खाणारा, आणि शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी मोठेपणाने वाचणारा. ती पात्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपली चाळ, आपला नळ, आपली पाळी आतून पाहिलेली नव्हती. लिहिणारा हात आपल्या घरातून निघत असेल, तर त्याला हसून मागे ओढण्यात शहाणपण नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या घरात एकाच्या पगारावर पाच माणसे जेवतात, त्या घरातील मुलाने राजीनामा देऊन अंधेरीच्या वाऱ्या सुरू केल्या, तर त्या घराच्या चुलीचे काय? या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या कशा, हे आमच्या थोड्या अनुभवावरून येथे मांडत आहोत.

आधी आमची पत सांगितलेली बरी. आम्ही बी.कॉम. झालेलो, वीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करणारे, आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या कामाला हातभार लावणारे. आमच्या नावावर मोठा चित्रपट नाही. तीन पथनाट्ये, चार-पाच एकांकिका, एका लघुपटाची कथा-पटकथा आणि दुसऱ्या एकाचे संवाद, एवढीच आमच्या खात्यावरची जमा. तेव्हा यशस्वी माणसाचा उपदेश म्हणून हे वाचू नये. त्या वाटेवर थोडे अंतर चालून आलेल्या सोबत्याची ही माहिती आहे.

अर्जाने शिकवले

आम्ही लेखक झालो ते कविता लिहून नव्हे. आम्ही अर्ज लिहायला लागलो. कॉलेजात असल्यापासून वस्तीतले लोक आमच्याकडे येत. रेशनकार्डात सुनेचे नाव घालायचे आहे, मुलाचा जातीचा दाखला अडला आहे, नळाला पाणी नाही, ठेकेदाराने तीन महिन्यांची मजुरी दिली नाही. आम्ही अर्ज लिहून द्यायचो. पुढे नोकरी लागली, तरी संध्याकाळची ही बैठक सुरूच राहिली.

अर्ज लिहिणे हे साधे काम वाटते, पण ते मोठे शिक्षण आहे. समोरचा माणूस आपली कहाणी सांगतो ती सरळ सांगत नाही. पाण्याच्या तक्रारीत सासूचे भांडण येते, मजुरीच्या गोष्टीत बहिणीचे लग्न येते. ते सगळे शांतपणे ऐकायचे आणि त्यातून चार गोष्टी शोधायच्या : हा माणूस कोण, याला नेमके काय हवे आहे, ते कोणी किंवा कशाने अडवले आहे, आणि ते मिळाले नाही तर याचे काय होईल. या चार गोष्टी सापडल्या की अर्ज एका पानात बसतो. पुढे पटकथेची पुस्तके वाचली, जाणकारांची व्याख्याने ऐकली, तेव्हा ध्यानात आले की तेही हेच चार प्रश्न विचारायला सांगतात. आमच्या वस्तीने ते आम्हाला आधीच शिकवून ठेवले होते.

२००४ सालची गोष्ट. चाळीतल्या एका मावशींचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता. त्यांचे मालक गिरणीत बदली कामगार होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. ते गावी गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. गावी मृत्यूची नोंद कोणी केली नाही. अर्जाला मृत्यूचा दाखला लागतो. मावशींकडे दाखला नव्हता. त्यांच्याकडे मालकांचे बदली कार्ड होते, बावीस वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले.

कचेरीत त्यांनी ते कार्ड खिडकीत ठेवले. आतल्या कारकुनाने ते पेनाच्या टोकाने परत सरकवले आणि दाखला मागितला. तो काही वाईट माणूस नव्हता. आम्हीही कारकूनच आहोत. कागदाशिवाय सही केली तर उद्या त्याच्याच मानेवर येणार, हे आम्हाला कळत होते. मावशी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी कार्ड उचलले, पदराने पुसले आणि पुन्हा पिशवीत ठेवले. उशिरा नोंदीसाठी पुढे कोर्टाचा हुकूम आणावा लागला. सात महिने गेले. अखेर अनुदान सुरू झाले.

त्या कार्डाने आम्हाला सोडले नाही. वर्षभरातच आम्ही मावशींच्या परवानगीने, त्यांचे नाव-गाव बदलून, त्यावर एक पथनाट्य लिहिले. सहा कलाकार, एक डफ आणि एक स्टूल. नाटकाच्या शेवटी योजनांची माहिती देणारे चार मिनिटांचे भाषण होते. प्रयोग नाक्यावर झाला. नंतर बायका येऊन बोलल्या त्या भाषणाबद्दल नाही. "ते कार्ड पुसलं ना, तिथं काळजात झालं," असे त्या म्हणाल्या. त्यांच्यातल्या दोघींच्या घरी तशीच कार्डे होती. ज्याला पुढे पटकथा म्हणतात, तिची पहिली ओळख आम्हाला नाक्यावरच्या त्या बायकांनी करून दिली.

जे दिसते आणि जे ऐकू येते

कथा आणि पटकथा यांतला फरक लोक फार अवघड करून सांगतात. तो सोपा आहे. कथेत आपण लिहू शकतो, "मावशींना फार अपमान वाटला." कॅमेऱ्याला अपमान दिसत नाही. त्याला हात दिसतो, कार्ड दिसते, पेनाचे टोक दिसते. पटकथेत फक्त जे दिसते आणि जे ऐकू येते तेच लिहायचे, आणि तेही आत्ता घडत असल्यासारखे. आमच्या लघुपटाच्या संहितेतला हा तुकडा पाहावा :

*दृश्य ३. आत. तहसील कचेरी. दिवस.*

*खिडकीपुढे रांग. मावशी पुढे सरकते. बटव्यातून प्लास्टिकची पिशवी काढते, पिशवीतून कार्ड. कार्ड खिडकीत ठेवते.*

*कारकून : हे काय?*

*मावशी : मालकांचं कार्ड हाय.*

*कारकून : मृत्यूचा दाखला लागतो.*

*मावशी : ह्याच्यावर नाव हाय की त्यांचं.*

*कारकून पेनाच्या टोकाने कार्ड परत सरकवतो. मावशी कार्ड पदराने पुसते. मागची बाई रांगेत एक पाऊल पुढे येते.*

प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर तीन गोष्टी असतात. घराच्या आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. हे शोभेसाठी नाही. चित्रीकरणाची तयारी करणारा माणूस त्यावरून ठरवतो की कचेरीतली सगळी दृश्ये एकाच दिवशी उरकायची, रात्रीसाठी दिवे आणायचे. रीतसर टंकलेली पटकथा ढोबळमानाने एका पानाला एक मिनिट चालते. दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १२० पाने, वीस मिनिटांच्या लघुपटाला वीस. म्हणूनच नव्या माणसाने लघुपटापासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. वीस पाने रविवारी-रविवारी लिहून होतात.

आपल्याकडे श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावे दिसतात, कारण ही तीन वेगळी कामे मानली जातात. काय घडते ती कथा. ते कोणत्या क्रमाने, कोणत्या दृश्यांतून दाखवायचे ती पटकथा. पात्रे तोंडाने काय बोलतात ते संवाद. रोजच्या मालिकांत तर ही कामे बहुधा वेगवेगळी माणसे करतात, आणि संवाद लिहिणाऱ्याला रोजच्या रोज दृश्ये पुरवावी लागतात. नव्या मुलांना पहिले काम मिळते ते अनेकदा संवादाचेच. ज्यांच्या कानात वस्तीची बोली आहे, बाजाराची बोली आहे, गावाकडची बोली आहे, त्यांना येथे कमीपणा नाही. आपली बोली ही येथे भांडवल आहे.

लिहिण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम गोष्ट एका वाक्यात लिहावी. मग एका पानात. मग दृश्यांची यादी करावी, दर दृश्याला एक ओळ. या धंद्यात तिला वनलाइन म्हणतात. यादी पक्की झाल्यावरच पटकथा, आणि संवाद सर्वांत शेवटी. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्यामुळे त्या यादीपुढे दोन रकाने आखतो. या दृश्यात पात्राच्या खात्यावर काय जमा झाले आणि काय नावे पडले? दोन्ही रकाने कोरे राहिले, तर ते दृश्य कितीही आवडते असले तरी काढून टाकतो. आमच्या २२ पानांच्या संहितेचे सहा वेळा पुनर्लेखन झाले, आणि नाक्यावरचे ते चार मिनिटांचे भाषण तिसऱ्या खेपेला गेले.

पाहून शिकावे

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचे रीतसर शिक्षण मिळते. ही केंद्र सरकारची संस्था आहे, प्रवेशपरीक्षा असते, आणि ज्याला जमेल त्याने ती जरूर द्यावी. ज्याला नोकरी सोडून जाता येत नाही, त्याने चित्रपट पाहूनच शिकावे. मात्र पाहण्याची रीत बदलावी. एकदा प्रेक्षक म्हणून पाहावा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसावे आणि दर दृश्याला एक ओळ लिहावी. तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा. आवाज नसताना जितके कळते, तितकी पटकथा.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' असा पाहावा. डुकराच्या मागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी थबकते आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीमाईंचे चित्र दिसते. त्या ठिकाणी कोणी एक शब्द बोलत नाही. तेथे संवाद घातला असता तर सगळे वाया गेले असते. नीरज घायवान यांचा २०२१ सालचा 'गीली पुच्ची' पाहावा. त्यात कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या बाईला कचेरीतली नोकरी हवी असते, ती दुसरीला मिळते. त्या दुसरीच्या घरी चहा येतो तेव्हा बाकीच्यांचे कप वेगळे आणि हिचा स्टीलचा. एका कपात अख्खी गोष्ट आहे. आमच्यासारख्या कारकुनाला तर त्यातली कचेरी फार जवळची वाटली.

साहित्यातून चित्रपट कसा होतो हे समजून घ्यायचे असेल तर १९८३ सालचा 'अर्धसत्य' घ्यावा. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा आधी वाचावी आणि मग विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला तो चित्रपट पाहावा. काय ठेवले, काय सोडले, काय नवे घातले, याची यादी करावी. एवढा एक अभ्यास मनापासून केला तरी खूप शिकता येते.

आपल्या आधीची माणसे

कोणी म्हणेल, हे शिकल्या-सवरलेल्यांचे काम, आपल्याला कसे जमणार? त्याने आपल्याच माणसांकडे पाहावे. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले असे सांगितले जाते. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्यांचा डोंगर उभा केला. १९५९ साली आलेली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली, आणि १९६३ साली त्यावर चित्रपट आला. त्यांच्या इतरही कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले, आणि १९४३ साली त्यांनी रचलेले पहिले गीत हे एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. म्हणजे आपल्या एवढ्या मोठ्या लोककवीची सुरुवातसुद्धा कानावर पडलेल्या सिनेमाच्या चालीवर शब्द बसवण्यातून झाली. नोकरी सांभाळून लिहिणारे दया पवार हे डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या पटकथालेखकांपैकी एक होते. सूनी तारापोरवाला आणि अरुण साधू यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे.

आणि अलीकडचे उदाहरण नागराज मंजुळे यांचे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचा हा मुलगा आधी कवी होता. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) संज्ञापन शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा छोटा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'फँड्री', आणि २०१६ साली 'सैराट'. लोकांना 'सैराट'ची कमाई आठवते. आमच्या मुलांनी 'पिस्तुल्या' लक्षात ठेवावा. शाळेला जाऊ इच्छिणाऱ्या एका मुलाची, जवळून पाहिलेली, काही मिनिटांची गोष्ट. सुरुवात तेवढीच लागते.

या यादीतून दुसराही धडा घ्यायचा आहे. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पण त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. लिहिणाऱ्याचे नाव आणि लिहिणाऱ्याचा पैसा यांची काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यावी लागते.

कागद पक्का ठेवा

येथे आमचे कारकुनी मन जागे होते. आमच्या लघुपटाच्या वेळी एका छोट्या निर्मितीसंस्थेशी करार झाला होता. दोन पानांचा, साध्या मराठीत : लेखकाचे नाव स्वतंत्र पाटीवर येईल, मानधन पंधरा हजार, त्यातले पाच हजार आगाऊ. संहिता आम्ही आधी नोंदवली होती. पहिल्या खेळाला घरचे सगळे गेलो. आईने नवे लुगडे नेसले होते. पडद्यावर नावे आली. कथा, पटकथा आणि दिग्दर्शन या तिन्हींसमोर एकच नाव होते, आणि ते आमचे नव्हते. आईला वाचता येत नाही. ती दर नावाला कानाशी विचारत होती, "हे तुझं का?"

आम्ही भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी नोंदणीचा क्रमांक, कराराची प्रत आणि पाठवलेल्या ई-मेलच्या तारखा जोडून पत्र लिहिले. अर्ज लिहिण्याची सवय होतीच. उत्तर आले नाही, तेव्हा दुसरे लिहिले, मग तिसरे. अडीच महिन्यांनी नवी प्रत निघाली, तिच्यात आमचे नाव होते. उरलेले दहा हजार मात्र आजपर्यंत आलेले नाहीत. तो हिशोब आमच्या वहीत येणे बाकी म्हणून उभा आहे. पण आईला आम्ही ती पाटी मोबाईलवर थांबवून दाखवली. अक्षरांवरून बोट फिरवून तिने विचारले, "एवढं लांब नाव आहे तुझं?"

म्हणून मुलांनो, हे नीट ध्यानात घ्या. कायद्याने लेखकाचा हक्क लिहिल्या क्षणीच निर्माण होतो. पण तो लिहिला केव्हा आणि कोणी, याचा पुरावा लागतो. मुंबईत पटकथालेखकांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही संघटना आहे. पूर्वी तिचे नाव फिल्म रायटर्स असोसिएशन होते. नावावर चित्रपट नसलेल्या लेखकालाही तिचे सभासद होता येते. सभासदाला आपला सारांश किंवा पटकथा नोंदवता येते, आणि हे घरबसल्या संगणकावरून होते. तंटा झाला तर ऐकून घेणारी समितीही तेथे आहे. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण नसते. चहाच्या टपरीवर सांगितलेली गोष्ट हवेत जाते; कागदावर सविस्तर उतरलेली गोष्ट आपली राहते. म्हणून आधी लिहा, मग नोंदवा, मग दाखवा, याच क्रमाने.

करार मराठीत मागा, नाही तर इंग्रजी जाणणाऱ्याकडून शब्दन् शब्द समजून घ्या. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे दूरचित्रवाणी वगैरे माध्यमांतून, चित्रपटाचा उपयोग होतो तेव्हा त्यातील लेखनाच्या रॉयल्टीत लेखकाला वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. तसे लिहून मागणारा कागद समोर आला तर सही करण्यापूर्वी संघटनेला विचारा.

नाव मागण्यात लाज नाही. १९७३ साली 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतील पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली आहे. त्यानंतर लेखकाचे नाव पोस्टरवर दिसू लागले, त्यात त्यांच्या त्या रंगाच्या डब्याचाही वाटा आहे.

आणखी एक सूचना. लेखकाने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. "अमुक हजार भरा, तुमची गोष्ट मोठ्या निर्मात्याकडे पोहोचवतो," असे म्हणणाऱ्याला दारातूनच निरोप द्या.

नोकरी आणि लेखणी

आमच्या वस्तीतला एक मुलगा गेल्या वर्षी राजीनाम्याचा कागद घेऊन आला होता. कंपनीत कायम होऊन दीडच वर्ष झालेले, घरी आजारी वडील, पाठची बहीण शिकणारी. म्हणाला, "काका, पूर्ण वेळ दिल्याशिवाय लेखक होता येत नाही." आम्ही त्याला विचारले, "किती पाने झाली?" तो म्हणाला, "अजून सुरुवात नाही, राजीनामा दिल्यावर करणार." आम्ही सांगितले, "आधी वीस पाने आण, मग दोघे मिळून राजीनामा लिहू." तीन महिन्यांनी तो अकरा पाने घेऊन आला. रात्रपाळीच्या सुपरवायझरवर लिहिलेली. ती पाने चांगली होती, आणि कंपनीत गेल्याशिवाय ती कोणाला लिहिता आली नसती. तो अजून नोकरीत आहे, अजून लिहितो आहे.

दुसरी एक मुलगी दिवसा पॅकिंगच्या कामाला जाते. रात्री जेवणाची भांडी आवरून झाली की मोबाईलवर लिहिते, कारण दिवा लावला तर धाकटे जागे होतात. तिच्या आईने आमच्याकडे तक्रार केली की पोरगी मोबाईल सोडत नाही. आम्ही त्या ताईंना तिने लिहिलेले एक दृश्य वाचून दाखवले. दोन बायका नळावर हंडे लावून उभ्या असतात आणि पाणी येईपर्यंत एकमेकींशी बोलत नाहीत. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तिला कसं कळलं?" ते भांडण त्यांचे स्वतःचे होते.

मुलगा असो की मुलगी, एकट्याने वाट काढू नये. एकांकिका स्पर्धांत उतरावे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा कामगारांसाठीच असतात. तेथे कळते की आपले वाक्य नटाच्या तोंडात बसते की नाही, प्रेक्षक कुठे खोकतो, कुठे थांबतो. वस्तीतल्या चार जणांनी मिळून एका मोबाईलवर पाच मिनिटांचा लघुपट करावा. एकाने लिहावे, एकाने चित्रण करावे, दोघांनी कामे करावीत. मग सगळ्यांसमोर दाखवावा आणि लोक काय बोलतात ते खाली मान घालून लिहून घ्यावे.

आई-वडिलांना आमची एवढीच विनंती. मुलगा वही घेऊन बसला तर "रिकामटेकडा" म्हणू नका. मुलगी लिहीत असेल तर रात्रीचे एक तास तिच्या हातातली भांडी दुसऱ्या कोणीतरी घासावीत. भावाला हात आहेत. आणि मुलांनी हे ध्यानात ठेवावे की घरात येणारा पगार हा लेखनाचा शत्रू नाही. त्या पगारावरच आपण कोणाच्या दारात हात न पसरता, आपल्या मनाचे लिहू शकतो.

येत्या रविवारी शंभर पानी वही आणावी. आपल्या घरात जपून ठेवलेली एक वस्तू निवडावी. बदली कार्ड असेल, आजोबांचा डफ असेल, आजीचे फुटके चष्म्याचे घर असेल. ती कोणी, कोणासमोर, कशासाठी बाहेर काढली, एवढेच एक दृश्य लिहावे. आत की बाहेर, जागा, दिवस की रात्र. आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख आणि स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांच्या आणि आईच्याही नावासकट, स्वच्छ अक्षरात लिहावे.